वियोग, निरीक्षण आणि बालशिक्षिका : हॅम्पस्टेड शिशुगृहांच्या नोंदींची एक चिकित्सा

१

बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणक्रमात गेल्या दोन दशकांत एका नव्या विषयाने प्रवेश केला आहे. मानसिक आघात सोसलेले बालक ओळखावे कसे, त्याच्याशी वागावे कसे, आणि शाळेच्या व्यवस्थेमुळेच त्याची जखम पुन्हा उघडी पडणार नाही याची दक्षता घ्यावी कशी, हे भावी शिक्षिकेस शिकविणे हा या विषयाचा हेतू होय. त्यास मराठीत ‘आघातसजग संगोपन’ असे म्हणता येईल. विषयाची निकड निर्विवाद आहे. तीन ते सहा वर्षांच्या वयात मूल आपले दुःख शब्दांत सांगू शकत नाही. ते खेळातून, हट्टातून, अंथरूण ओले करण्यातून किंवा निव्वळ गप्प राहण्यातून सांगते. ही भाषा ज्या शिक्षिकेस वाचता येत नाही तिच्या हातून, तिचा हेतू कितीही चांगला असला, तरी अन्याय घडणे अटळ आहे.

परंतु एखादा विषय आवश्यक असणे निराळे आणि तो शिकविण्याची रीत योग्य असणे निराळे. आज हा विषय बहुतांशी याद्यांच्या रूपाने शिकविला जातो. अमेरिकेतील मादक द्रव्ये व मानसिक आरोग्य सेवा प्रशासनाने २०१४ साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका या बाबतीत प्रमाणभूत मानली जाते. आघाताची व्याख्या तिने घटना, अनुभव आणि परिणाम या तीन पदांनी केली. संस्थेची कर्तव्ये चार सांगितली. आणि सहा तत्त्वे घालून दिली. अशा याद्या परीक्षेस सोयीच्या असतात व त्यांत चुकीचेही काही नसते. प्रश्न एवढाच की, त्या पाठ केलेल्या प्रशिक्षणार्थीस वर्गाच्या कोपऱ्यात उभे राहून ओठ हलविणारे मूल दिसते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ऐंशी वर्षांपूर्वीच्या काही ग्रंथांकडे वळणे उपयुक्त ठरते. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांचे ‘वॉर अँड चिल्ड्रन’ (१९४३) व ‘इन्फन्ट्स विदाउट फॅमिलीज’ (१९४४) हे ते ग्रंथ होत. मनोविश्लेषणाच्या इतिहासात त्यांचे स्थान निश्चित झालेले आहे. येथे त्यांचा विचार एका मर्यादित दृष्टीने, म्हणजे बालशिक्षिकेच्या घडणीचे पाठ्यग्रंथ म्हणून करावयाचा आहे. या दृष्टीने त्यांचे मोल असाधारण आहे. आणि याच दृष्टीने त्यांतील एक मौन खटकल्यावाचून राहत नाही.

२

ग्रंथांची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तीन दिवसांत ब्रिटनमधील शहरांतून सुमारे पंधरा लक्ष लोक सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर व डोनाल्ड विनिकॉट या तिघा वैद्यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून, पाच वर्षांखालील मुलांना आईपासून दूर पाठविण्यात गंभीर मानसिक धोके आहेत, असा इशारा दिला. पुढल्या सप्टेंबरात लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि घरे गमावलेल्या कुटुंबांतील लहान मुलांचा प्रश्न तातडीचा बनला. १९३८ साली व्हिएन्नाहून निर्वासित होऊन लंडनला आलेल्या ॲना फ्रॉइड यांनी १९४१ च्या आरंभी हॅम्पस्टेडमधील वेडरबर्न रोडवर अशा मुलांसाठी विश्रांतिगृह उघडले. त्याच वर्षी नेदरहॉल गार्डन्स येथे तान्ह्या मुलांचे गृह आणि एसेक्स परगण्यात ‘न्यू बार्न’ हे ग्रामीण गृह, अशी त्यास जोड मिळाली. खर्चाचा मोठा भार युद्धग्रस्त बालकांसाठी स्थापन झालेल्या एका अमेरिकन पालक-योजनेने उचलला होता. या देणगीदारांना दरमहा वृत्तांत पाठवावा लागे, आणि हे ग्रंथ त्या वृत्तांतांच्या सामग्रीवरच उभे राहिले. मूळ मासिक वृत्तांत पुढे १९७३ साली संकलित स्वरूपात प्रसिद्ध झाले.

या गृहांत काम करणाऱ्यांपैकी अनेक जणी जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेल्या तरुण निर्वासित मुली होत्या. त्यांच्यापैकी बहुतेकींना बालसंगोपनाचे औपचारिक शिक्षण नव्हते. त्यांना गृहातच शिक्षण मिळे. दिवसा काम, संध्याकाळी व्याख्याने व चर्चा. प्रत्येकाने आपल्या दृष्टीस पडलेली लक्षणीय गोष्ट टिपून ठेवावी असा दंडक होता. जेम्स रॉबर्ट्सन हा तरुण तेथे इमारतीची भट्टी पेटती ठेवण्याच्या व डागडुजीच्या कामावर होता. हा दंडक त्यालाही लागू होता. याच रॉबर्ट्सनने पुढे १९५२ साली, रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला आणि त्यामुळे मुलांच्या रुग्णालयांतील भेटीच्या नियमांवर मोठा वाद उभा राहिला. भट्टी सांभाळणाऱ्याच्या हातीही नोंदीचे कार्ड देणारी ही व्यवस्था प्रशिक्षणाच्या इतिहासात उपेक्षिण्याजोगी नाही. या गृहांतील अनुभवातूनच १९४७ साली हॅम्पस्टेडचा बालचिकित्सकांचा अभ्यासक्रम उभा राहिला.

३

या ग्रंथांचे पहिले सामर्थ्य त्यांच्या नोंदींत आहे. ‘वॉर अँड चिल्ड्रन’मधील तीन वर्षांच्या एका मुलाची नोंद पाहावी. गृहात सोडताना त्याला बजावण्यात आले होते की, शहाण्यासारखे राहिला नाहीस, रडलास, तर आई भेटावयास येणार नाही. मुलाने रडणे टाळले. तो मान डोलवी आणि आई येईल, आपल्याला कोट घालील आणि घरी नेईल, असे स्वतःला व इतरांना सांगत राही. दिवस जाऊ लागले तशी त्या कपड्यांची यादी वाढत गेली. कोणीतरी त्याला हे बोलणे पुरे करण्यास सांगितले, तेव्हा तो शब्दांऐवजी हातवारे करू लागला. कोट अंगात घालण्याची, टोपी चढविण्याची क्रिया हवेतल्या हवेत करू लागला. अखेरीस इतर मुले खेळण्यांत रमली असता हा एका कोपऱ्यात उभा राहून फक्त बोटे व ओठ हलवीत असे.

या नोंदीत ‘आघात’ हा शब्द येत नाही. तिची वाचकास गरजही भासत नाही. लक्षण कसे तयार होते याचा संपूर्ण क्रम तेथे उलगडलेला आहे. प्रथम दुःख व्यक्त करण्यास बंदी. मग शब्दांचा आधार. मग त्या शब्दांनाही बंदी. आणि शेवटी केवळ अंगविक्षेप. शेवटची अवस्था तेवढी पाहणाऱ्यास मूल विचित्र वाटेल. क्रम पाहणाऱ्यास कळते की, प्रत्येक पायरीवर मोठ्यांपैकी कोणीतरी, सद्हेतूनेच, एक दार बंद केले आहे. ‘पुन्हा आघात होऊ देऊ नये’ हे आजच्या मार्गदर्शिकेतील कर्तव्य या एका नोंदीवरून जितके उमगते तितके ते कोणत्याही सूत्रावरून उमगणार नाही.

दुसरी नोंद चार वर्षांच्या मुलाची आहे. त्याचे वडील हवाई हल्ल्यात ठार झाले होते व आई रुग्णालयात होती. वडिलांचा मृत्यू तो मान्य करीत नसे. कागदाची घरे करून त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकण्याचा खेळ तो पुन्हा पुन्हा खेळे. आणि प्रत्येक वेळी माणसे वाचत व घरे दुरुस्त होत. काही महिन्यांनी जे घडले ते त्याने प्रथमच शब्दांत सांगितले. त्यानंतर त्या खेळाचा आग्रह ओसरला. खेळाची पुनरावृत्ती हा चाळा नसून न पेलणारी गोष्ट पेलण्याचा उद्योग आहे, हे येथे स्पष्ट होते. असा खेळ ‘अमंगळ’ म्हणून थांबविणारी शिक्षिका नेमके काय थांबविते, हेही त्याबरोबर स्पष्ट होते.

या नोंदींच्या आधारे लेखिकाद्वयाने मांडलेला सिद्धान्त प्रसिद्ध आहे. मूल आईजवळ असेल तर बॉम्बवर्षावाने ते फारसे हादरत नाही. त्याला हादरविते ती आईची ताटातूट. आई स्वतः भयभीत असेल तर मात्र तिचे भय मुलात उतरते. रात्री भोंगा वाजताच दारात थरथरत उभी राहणारी आई आपल्या मुलालाही उठवून, कपडे चढवून, हात धरून उभे करी. आणि मूलही तिच्याबरोबर थरथरे. यावरून व्यवहाराचा निष्कर्ष असा निघाला की, ताटातूट अटळच असेल तर ती टप्प्याटप्प्याने घडवावी. गृहात आयांना भेटीच्या वेळेचे बंधन नव्हते; काही आया तेथेच कामाला राहिल्या. लेखिकांच्या मते, वियोगापेक्षाही त्याचा आकस्मिकपणा मुलाला अधिक जाचतो.

४

ग्रंथांचे खरे मर्म मात्र पुढेच आहे. आरंभी गृहातील सर्व सेविका सर्व मुलांना सांभाळीत. मुले सुदृढ होती, पण बोलण्यात व शौचाच्या सवयींत घरच्या मुलांच्या मागे पडत होती. तेव्हा प्रत्येक सेविकेकडे थोडी थोडी मुले सोपवून कृत्रिम ‘कुटुंबे’ करण्यात आली. ज्या मुलाचा ज्या सेविकेकडे ओढा होता ते मूल शक्यतो तिच्याकडे दिले गेले. आठवड्याभरात सहा कुटुंबे पक्की झाली. परंतु शांततेऐवजी गृहात वादळ उठले. पूर्वी सरळ वागणारी मुले हेवा करू लागली, आपल्या ‘आई’ला दुसऱ्याने शिवू नये म्हणून चावू लागली, ती खोलीबाहेर गेली तर आकांत करू लागली. वादळ शमल्यावर मुलांची प्रगती झपाट्याने झाली. बोलणे सुधारले, सवयी लागल्या.

केवळ शिस्त मोजणाऱ्या निरीक्षकाने या प्रयोगास अपयशी ठरविले असते. लेखिकांनी वादळाचा अर्थ वेगळा लावला. मुलांची माया लावण्याची शक्ती मेलेली नव्हती. तिला विषय नव्हता. विषय मिळताच तिच्याबरोबर तिची सारी दुःखेही जागी झाली. आघातग्रस्त मूल शिक्षिकेजवळ येऊ लागले की त्याचे वागणे पूर्वीपेक्षा बिघडते, ही गोष्ट भावी शिक्षिकेस आधीच सांगून ठेवली नाही, तर ऐन सुधारणेच्या क्षणी ती स्वतःस पराभूत मानील व मुलापासून दूर सरेल. प्रशिक्षणाच्या दृष्टीने या ग्रंथांतील हा सर्वांत मोलाचा पाठ होय.

परंतु त्या पाठाची एक दुसरी बाजू आहे. तान्हेपणी गृहात आलेला एक मुलगा एका तरुण सेविकेला अतिशय लळा लावून होता. तो पावणेतीन वर्षांच्या सुमारास असता तिचे लग्न झाले व ती गृह सोडून गेली. मुलगा हताश झाला. पंधरा दिवसांनी ती भेटावयास आली, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलेच नाही. ती निघून गेल्यावर मात्र तो दाराकडे टक लावून बसला. आणि रात्री त्याच्या तोंडून तिच्यावरचा हक्क व तिच्याविषयीची नावड ही दोन्ही एकाच दमात बाहेर पडली. आईचा वियोग भरून काढण्यासाठी दिलेली माया येथे दुसऱ्या वियोगाचे कारण झाली.

‘इन्फन्ट्स विदाउट फॅमिलीज’ या ग्रंथाच्या उपशीर्षकातच निवासी शिशुगृहांच्या बाजूचे व विरुद्धचे म्हणणे मांडण्याचा संकल्प आहे, आणि लेखिकांनी तो प्रामाणिकपणे पाळला आहे. त्यांनी ही नोंद दडविली नाही. जवळीक न देणे हे मुलाच्या विकासाला मारक. जवळीक देऊन निघून जाणे हे त्याच्या मनाला मारक. या पेचातून जवळिकीच्याच बाजूने कौल द्यावा असा त्यांचा निर्णय आहे, आणि तो योग्य आहे. पण ज्या तरुणीने लळा लावला तिला जाण्याची रीत कोणी शिकविली होती काय? मुलास किती दिवस आधी सांगावे, त्याच्या रागाला कसे सामोरे जावे, भेटीस यावे की न यावे, याविषयी ग्रंथ फारसे बोलत नाही. येथे त्या मौनाची सुरुवात होते.

५

दोन्ही ग्रंथांत बालक सर्वत्र आहे. सेविका मात्र एका कार्याच्या रूपाने वावरते. ती ‘मातेची जागा घेणारी’ आहे. ती कोणाची मुलगी आहे हे कळत नाही. ज्या तरुणी लंडनमधील मुलांच्या वियोगाची टिपणे लिहीत होत्या, त्यांच्यापैकी अनेकींनी स्वतःचे आईबाप मागे सोडलेले होते, आणि युद्ध चालू असता त्यांचे काय झाले याची वार्ताही त्यांना मिळणे कठीण होते. आईची वाट पाहणाऱ्या मुलाच्या शेजारी स्वतः आईची वाट पाहणारी सेविका बसली होती. तिच्या नोंदीतील दृष्टीची सूक्ष्मता कदाचित याच सामाईक दुःखातून आलेली असेल; आणि तिने कधी एखाद्या मुलास प्रमाणाबाहेर कवटाळले किंवा एखाद्याचे रडणे तिला ऐकवेनासे झाले, तर त्याचेही मूळ तेथेच असेल. ग्रंथांत याची वाच्यता जवळजवळ नाही.

हे अज्ञानामुळे घडले असे म्हणता येत नाही. ॲना फ्रॉइड या स्वतः तरुणपणी व्हिएन्नातील शाळेत शिक्षिका होत्या. तेथील शिक्षकांपुढे त्यांनी दिलेली मनोविश्लेषणावरील चार व्याख्याने १९३० साली प्रसिद्ध झाली होती. त्यांतील शेवटच्या व्याख्यानात एका गृहशिक्षिकेची हकीकत येते. अठराव्या वर्षी तिने ज्या घरी काम धरले, तेथील मधल्या, उपेक्षित मुलाला तिने परिश्रमाने वर आणले. तो गुणी ठरून आईवडिलांचा लाडका होताच मात्र तिचे त्याच्याशी बिनसले आणि तिने नोकरी सोडली. कारण अनेक वर्षांनंतर मनोविश्लेषणात उघड झाले. ती स्वतः घरात नावडती मुलगी होती. त्या मुलात तिने स्वतःला पाहिले होते. तो आवडता झाल्याबरोबर तो ‘ती’ राहिला नाही. शिक्षकाने मुलांना हाती घेण्यापूर्वी स्वतःच्या मनातील संघर्ष ओळखले पाहिजेत, हा निष्कर्ष त्या हकीकतीतून काढण्यात आला होता.

तात्पर्य, १९३० साली जे तत्त्व शिक्षकांना स्पष्टपणे सांगितले गेले, त्याचा १९४३-४४ च्या ग्रंथांत, जेथे त्याची सर्वाधिक गरज होती तेथे, मागमूस लागत नाही. याचे एक कारण उघड आहे. मूळ वृत्तांत देणगीदारांसाठी होते. त्यांना मुलांविषयी जाणून घ्यावयाचे होते. दुसरे कारण काळाचे आहे. युद्धाच्या धामधुमीत सेवकवर्गाच्या दुःखाविषयी लिहिणे अप्रस्तुत वाटले असेल. कारणे समजण्याजोगी आहेत. तथापि पाठ्यग्रंथ म्हणून हे ग्रंथ वाचताना ही उणीव भरून काढल्याविना चालत नाही. शिक्षिकेस चित्रातून वगळले तर आघातसजग संगोपन हे एका निर्विकार हाताने केलेली मलमपट्टी ठरते. आणि असा निर्विकार हात कोणत्याही शाळेत नसतो.

६

या उणिवेची अंशतः भरपाई करणारा एक लेख १९५१ साली प्रसिद्ध झाला. तेरेझीन येथील नाझी छावणीतून सुटलेली सहा ज्यू मुले १९४५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील विंडरमियर येथे आणण्यात आली, व ऑक्टोबरात ससेक्समधील वेस्ट होथली गावच्या ‘बुलडॉग्ज बँक’ या घरात ठेवण्यात आली. वये तीन ते चार वर्षांच्या दरम्यान. आईबाप कोणालाच आठवत नव्हते. सोफी व गर्ट्रूड डान या निर्वासित भगिनींनी त्यांचा वर्षभर सांभाळ केला. सोफी परिचारिका होती आणि गर्ट्रूड बालशिक्षिका. दोघींनी हॅम्पस्टेडच्या गृहांत काम केले होते. त्यांच्या नोंदींवरून ॲना फ्रॉइड यांनी सोफी डान यांच्या सहकार्याने हा लेख लिहिला.

मुलांनी पहिल्या दिवसांत खेळणी मोडली, सामानाची नासधूस केली; मोठ्यांना ती चावत, मारीत, त्यांच्यावर थुंकत. परस्परांशी मात्र त्यांचे वागणे विलक्षण होते. सहांपैकी एकालाही क्षणभर वेगळे केले तर बाकीची अस्वस्थ होत. जेवताना स्वतः खाण्याआधी शेजाऱ्याला मिळाले की नाही हे पाहत. भावंडांत असतो तो हेवा त्यांच्यांत जवळजवळ नव्हता. कोणत्याही लक्षणसूचीने या मुलांना कमाल गुण दिले असते; आणि कोणत्याही सूचीत त्यांच्या या परस्परनिष्ठेस जागा मिळाली नसती. लेखाचा निष्कर्ष संयत आहे. मुले अतिसंवेदनशील व सांभाळण्यास कठीण होती, पण ती ना मंदबुद्धी होती, ना गुन्हेगारी वृत्तीची, ना वेडी. एकमेकांवरील मायेच्या बळावर त्यांनी स्वतःला तगविले होते; त्या वर्षात ती नवी भाषाही शिकली.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी मिळतात. एक, आघात सोसलेल्या मुलात काय मोडले आहे याबरोबरच काय शाबूत आहे हे पाहण्याची सवय. डान भगिनींनी मुलांची जूट फोडून त्यांना ‘आपलेसे’ करण्याची घाई केली असती, तर त्यांचा एकमेव आधार तुटला असता. मुले प्रथम गटाचा भाग म्हणून मोठ्यांशी बोलू लागली आणि पुढे एकेकटी त्यांच्याकडे वळली. दुसरी गोष्ट अशी की, येथे प्रथमच सांभाळणारीचे नाव मुखपृष्ठाच्या बाजूस आले. मात्र तिच्या मनाचे वृत्त येथेही नाही. चावणाऱ्या, थुंकणाऱ्या मुलाकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच शांतपणे जाण्याचे बळ या दोन निर्वासित बहिणींनी कोठून आणले, हे वाचकास विचारावेसे वाटते. लेख ते सांगत नाही.

७

येथवर ग्रंथांच्या मौनाचा विचार झाला. त्यांच्या प्रमाणपद्धतीवरही आक्षेप घेतले पाहिजेत. बॉम्बपेक्षा वियोग अधिक घातक, हा सिद्धान्त ज्या मुलांवरून काढला ती सर्व मुले गृहात आलेली, म्हणजेच वियोग झालेली होती. आईजवळ राहून बॉम्बवर्षाव सोसणाऱ्या मुलांचा तितक्याच बारकाईने अभ्यास झालेला नव्हता. शिवाय नोंद व अर्थ यांच्यातील सीमा अनेक ठिकाणी पुसट होते. मुलाची कृती जेथे संपते आणि मनोविश्लेषणाचा सिद्धान्त जेथे सुरू होतो, ती जागा दाखविण्याची तसदी नेहमी घेतलेली नाही. विद्यार्थिनीस हे ग्रंथ वाचावयास देताना, दिसले ते कोणते आणि मानले ते कोणते, हे वेगळे करण्याचा अभ्यास तिच्याकडून करवून घेणे आवश्यक आहे.

परंतु आधुनिक पद्धतीही या कसोटीवर सर्वस्वी उतरते असे नाही. व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट आंडा व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला, बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा अभ्यास हा आजच्या अध्यापनाचा आधारस्तंभ होय. सान दिएगो येथील हजारो प्रौढांस त्यांच्या बालपणाविषयी विचारून, अशा अनुभवांची संख्या व नंतरचे आजार यांचा संबंध त्याने दाखविला. हा समूहाविषयीचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात तो एकेका मुलास गुणांक देण्यासाठी वापरला जाऊ लागला. तेव्हा २०२० साली खुद्द आंडा यांनीच सहलेखकांसह लेख लिहून, व्यक्तीच्या निदानासाठी हा गुणांक वापरू नये असा इशारा दिला. तसेच शाळांतील आघातसजग उपक्रमांच्या परिणामांचा जो पद्धतशीर आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या निकषांत बसणारा एकही अभ्यास परीक्षकांना आढळला नाही. याचा अर्थ असे उपक्रम निरुपयोगी आहेत असा नव्हे. ते उपयोगी आहेत हे अद्याप नीट दाखविले गेलेले नाही, एवढाच आहे. तेव्हा जुन्या ग्रंथांस अशास्त्रीय म्हणून बाजूस सारण्याचा अधिकार नव्या याद्यांना आपोआप मिळत नाही.

८

मराठी बालशिक्षणाच्या संदर्भात या चिकित्सेचा उपयोग कोणता? ताराबाई मोडक यांनी १९२६ पासून नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारे आणि १९४५ पासून बोर्डी येथे जी परंपरा निर्माण केली, तिच्या मुळाशी मॉन्टेसरीप्रणीत निरीक्षण आहे. या निरीक्षणाचा विषय मुख्यतः काम करणारे, साधनांत रमलेले मूल हा होय. साधनाकडे न येणारे, कोपऱ्यात उभे राहणारे मूल पाहण्यासाठी त्या दृष्टीचा विस्तार करावा लागतो. खुद्द मॉन्टेसरी यांनाही ही गरज जाणवली होती. युद्धाने मने जखमी झालेल्या मुलांसाठी शिक्षिका-सेविका तयार करण्याची ‘श्वेत क्रॉस’ नावाची योजना त्यांनी १९१७ साली मांडली होती. दुसरीकडे, मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्याचा जो उपक्रम ताराबाई व अनुताई वाघ यांनी केला, त्यात हॅम्पस्टेडच्या नोंदींशी जुळणारे एक शहाणपण आहे. हेतू वेगळा असला तरी परिणाम असा की, मुलाला घर दृष्टीआड न होता शाळा भेटली. ताटातूट क्रमाक्रमाने झाली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. त्या नावातील हा अर्थ प्रशिक्षणात पुन्हा शिकविण्याजोगा आहे.

वियोग हा विषय येथे परका नाही. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. त्यांची लहान मुले एक तर आईबापांबरोबर जाऊन अंगणवाडीला व शिक्षिकेला मुकतात, किंवा आजीआजोबांजवळ राहून आईबापांना मुकतात. दोन्ही परींनी हंगामाबरोबर परत परत येणारी ही ताटातूट कोणत्याही परदेशी यादीत स्वतंत्र नोंदलेली नाही. ती पाहून लिहिण्याचे काम येथील शिक्षिकांनाच करावे लागेल.

अशा शिक्षिकांच्या घडणीसाठी प्रस्तुत ग्रंथांच्या वाचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, याद्यांच्या आधी नोंद. विद्यार्थिनीने एका मुलाची वर्तनकथा, तीत एकही पारिभाषिक शब्द न वापरता, आठवड्यामागून आठवडा लिहावी. परिभाषा त्यानंतर शिकवावी. दुसरी, शिक्षिकेच्या स्वतःच्या मनासाठी अभ्यासक्रमात राखून ठेवलेली जागा. कोणत्या मुलाचे रडणे आपणास सहन होत नाही व का, याची चर्चा अनुभवी मार्गदर्शिकेबरोबर, परीक्षेच्या गुणांपासून अलिप्त राहून झाली पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. विद्यार्थिनी पाठसरावासाठी काही आठवडे बालवाडीत जाते, मुलांना लळा लावते, आणि सराव पुरा होताच एके दिवशी येईनाशी होते. तिच्या प्रगतिपुस्तकात या सरावाला गुण मिळतात. ज्या मुलाच्या आयुष्यातून माणसे अशीच नाहीशी होत आली आहेत त्याच्या खात्यावर मात्र आणखी एक वियोग जमा होतो. तेव्हा किती दिवस राहणार हे मुलांना आरंभीच सांगणे, जाण्याचा दिवस त्यांना मोजता येईल असा ठेवणे, त्यांचा राग निमूटपणे ऐकून घेणे आणि निरोप घेऊनच जाणे, हे पाठसरावाचे आवश्यक अंग मानले पाहिजे.

हॅम्पस्टेडमधील तो मुलगा ज्या दाराकडे पाहत बसला, ते दार त्या ग्रंथाने वाचकास दाखविले. त्यातून बाहेर कसे पडावे हे शिकविण्याचे काम मात्र त्याने पुढील पिढ्यांवर सोपविले. बालशिक्षिकांच्या विद्यालयांनी ते आता अंगावर घेण्यास हरकत नाही.